नेत्रावतीच्या नावानं नकार

१

धाकटी सून अमेरिकेला गेली नाही, तर गंगव्वाचा फायदा उघड होता. सकाळी भट्टी पेटवणारे हात घरात राहणार, गुडघ्यांना तेल चोळणारी राहणार, आणि बायकोपायी का होईना, धाकटा लेक संगमेश्वर वर्षातून एकदा हळ्ळीखेडाला तोंड दाखवणार. मुद्दल घरात ठेवलं की व्याज आपल्या पायानं चालत येतं, हे गंगव्वाला कुणी शिकवायला नको होतं.

थोरला लेक अमरनाथ, त्याची जमेची बाजू आणखी जड. कडक भाकरीचा धंदा त्याच्या नावावर होता आणि नेत्रावतीच्या डोक्यावर चालत होता. ज्वारीच्या भाकरी पापडासारख्या कुरकुरीत वाळवायच्या आणि शेंगाच्या चटणीबरोबर डब्यात भरून विकायच्या. पूर्वी हे डबे हुमनाबादच्या पुढं जात नव्हते. नेत्रावती सून होऊन आली, तिनं फोनवर फोटो टाकले, स्कूटर घेतली, हैदराबादची गिऱ्हाइकं जोडली, आणि अमरनाथ आयताच ‘शेठ’ झाला.

कलबुर्गीच्या चनमल्लप्पाचा फायदा गमतीचा होता. त्याच्या हापिसाच्या पाटीवर ‘इमिग्रेशन वकील’ असं ठळक लिहिलेलं होतं. वकिलीची परीक्षा तेवढी द्यायची राहिली होती. संगमेश्वराला अमेरिकेत कायम राहायचं हिरवं कार्ड मिळाल्यावर नेत्रावतीला तिकडं नेण्याचा अर्ज यानंच भरला, आणि बिघडवला पण यानंच. आता संगमेश्वरानं नव्यानं गाठलेली अमेरिकेतली खरी वकीलबाई आपटली, की लोक पुन्हा याच्याच पायऱ्या चढणार होते.

राहिली थोरली सून मल्लेश्वरी. तिच्या खात्यात जमेला काहीच दिसत नव्हतं. धाकटी गेली तर घरातलं थोडं कौतुक तरी तिच्या वाट्याला आलं असतं.

हा हिशेब नीट ध्यानात ठेवावा. कारण त्या मंगळवारी संध्याकाळी डॅलसहून संगमेश्वराचा फोन आला.

“नेत्रा, वकीलबाईंनी केस घ्यायला नकार दिलाय.”

“कामून?”

“कारन मला सांगता येनार न्हाई म्हणायल्यात. आन् सोमवारी मुदत संपायलीय!”

मुदतीची गोष्ट अशी. अमेरिकेच्या कचेरीनं पत्र पाठवून या लग्नाचे पुरावे मागितले होते. चनमल्लप्पानं अर्जावर ईमेल स्वतःचा दिलेला, त्यामुळं पत्र त्याच्याकडं आलं आणि तिथंच झोपलं. सोमवारपर्यंत उत्तर गेलं नाही तर अर्ज मेला. मग पुन्हा रांगेच्या शेपटाला उभं राहायचं, आणि ती रांग वर्षांवर मोजतात.

नेत्रावतीनं चप्पल पायात घातली न घातली.

“अमरनाथ भावजी, स्कूटरची चावी!” असं ओरडतच ती अंगणात आली, आणि तिनं हुमनाबादचा रस्ता धरला. ही वकीलबाई जिनं शोधून दिली होती, तिच्याच दारात आता जाऊन उभं राहायचं होतं.

२

गंगव्वाच्या घरच्या जुन्या ओळखीच्या नलिनीबाई देशपांडे सहकार खात्यातून लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या होत्या. अर्ध्या जिल्ह्यातल्या पतसंस्थांचे सचिव त्यांना पाहून अजून शर्टाचं वरचं बटण लावतात. वकील शोधायचं काम त्यांनी पतसंस्था तपासावी तसंच केलं होतं. आधी प्रत्येकाची अमेरिकेतल्या वकिलांच्या बारमध्ये नोंद आहे का, तक्रार आहे का, हे पाहिलं. मग उरलेल्यांना एकच प्रश्न विचारला: “यात बिघडू काय शकतं?” एकानं काहीच बिघडणार नाही अशी हमी दिली; त्याला त्यांनी तिथंच काट मारली. दुसऱ्यानं सगळं काम कारकुनावर टाकलं. श्रीलक्ष्मी नावाच्या बाईनं मात्र काय काय बिघडू शकतं ते एका दमात सांगितलं आणि वर म्हणाली, “हमी हवी असेल तर दुसरा वकील बघा.” नलिनीबाई खूश. हैदराबादेत वाढलेली, डॅलसमध्ये वकिली करणारी. हीच.

आणि हिनंच नकार दिला. म्हणजे नलिनीबाईंनी तपासून शिक्का मारलेल्या कामात खोट निघाली होती. त्यांनी नेत्रावतीला पाणीसुद्धा विचारलं नाही.

“लाव फोन. चेहरा दिसेल असा. तिकडं आत्ता सकाळ आहे, हापिसात असेल.”

श्रीलक्ष्मीचा चेहरा पडद्यावर आला. नेत्रावतीनं हात जोडले.

“नमस्कार मॅडम. मी नेत्रावती.”

वकीलबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग हैदराबादी दखनी हिंदीत विचारलं, “कौनसी नेत्रावती? शुक्रवार को जिससे बात करी, उसकी आवाज तो ऐसी नै थी.”

नलिनीबाई खुर्चीतून उठल्याच. “शुक्रवारी? ही शुक्रवारी हुलसूरला डबे पोचवायला गेली होती. तुम्ही कुणाशी बोललात?”

श्रीलक्ष्मीनं आधी पासपोर्ट मागितला, तो कॅमेऱ्याजवळ धरायला लावला, आणि मगच तोंड उघडलं.

“नवऱ्यानं केस आणली की मी बायकोशी एकटीशी बोलते,” ती म्हणाली. “आणि न सांगता फोन करते. सांगून केला की सासू शेजारी बसलेली असते आणि बायको पोपटासारखी बोलते. तुमच्या अर्जावरच्या नंबरवर फोन केला. बाईनं उचलला. नेत्रावती का, म्हटलं; हो म्हणाली. अमेरिकेला जायचंय का, विचारलं. म्हणाली, मला जायचं नाही, माझं सगळं इथंच आहे.”

“आणि तुम्ही विश्वास ठेवला?”

“खात्री केली की! नवऱ्याचं नाव विचारलं. संगमेश्वर, ठणकावून सांगितलं. सासरा ईरण्णा. लग्न कुठं झालं, जेवणात काय होतं, सगळं बरोबर. घरात आणखी कोण? सासू गंगव्वा, जाऊ मल्लेश्वरी. आणि आणखी? तिथं ती अडली. ‘मोठे’ म्हणाली. मोठे म्हणजे कोण, नाव सांगा. गप्प. पुन्हा विचारलं. आवाज एकदम बारीक झाला. ‘त्येन्ला मोठेच म्हणत्यात’, आणि फोन ठेवून दिला.” श्रीलक्ष्मी पुढं झुकली. “अशा बायका मी रोज बघते. ज्या घरात बाई थोरल्या दिराचं नाव घ्यायला भिते, त्या घराच्या कागदांवर मी सही करत नाही.”

नलिनीबाईंचं काम सुरू झालं होतं.

“तिच्याशी कुठल्या भाषेत बोललात?”

“सुरुवात तेलुगूत केली. माहेर औरादकडचं आहे असं वाचलं होतं, मला आनंद झाला होता. पण ती म्हणाली, हिंदी में बोलो अक्का.”

हे ऐकताच नेत्रावतीनं तेलुगूत जी सुरुवात केली, ती थांबवता थांबेना. औरादच्या बाजाराची तेलुगू, तिखटमिठासकट. वकीलबाई आधी दचकली, मग हसली, मग तिचाच एक शब्द अडला.

“पटलं,” ती शेवटी म्हणाली. “ती बाई तुम्ही नव्हता. पण मग प्रकरण जास्तच वाईट आहे. त्या घरात कुणीतरी घाबरलेली बाई आहे, किंवा कुणीतरी तिला बोलायला लावलंय. उद्या हीच बाई वकिलातीत फोन करील आणि तुमच्या लग्नावर कायमचा डाग लागेल. ती कोण, का बोलली, हे मला तिच्याच तोंडून ऐकायचंय. शुक्रवारपर्यंत. नाहीतर माझी सही विसरा.”

पडदा काळा झाला. नेत्रावती रडवेली झाली.

“बाई, भावजी मला कधी ‘अगं’ म्हणले न्हाईत हो. त्येन्ला कोन भितंय?”

“तो फोन कुठं असतो?”

“भट्टीच्या खोलीत. धंद्याचाच हाय त्यो. ज्येच्या हाताला पीठ न्हाई, त्यानं उचलायचा.”

“म्हणजे बाहेरचं कुणी नाही,” नलिनीबाई म्हणाल्या. “जी कुणी बोलली, ती तुझ्याच ताटाशेजारी जेवतेय.”

३

बुधवारी नलिनीबाई सरकारी बसनं हळ्ळीखेडाला उतरल्या. कर्नाटकात बायकांना तिकीट नाही, त्यामुळं तपासाचा प्रवासखर्च शून्य, ही नोंद त्यांनी मनात समाधानानं केली.

गंगव्वा ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

“या बाई. गुन्हेगार शोधायला आलात म्हनं. हातकडी आनलीय का?”

“तुमच्या मापाची मिळाली नाही. सून जाऊ नये असं वाटतं ना तुम्हाला?”

“वाटतंय की! लपवायचं कामून? चांगली सून कोन सोडतंय? पन वाटनं येगळं आन् आडवं येनं येगळं. मी आडवं आले आसते तर तोंडावर आले आसते. फोनामागं लपनारी म्या न्हवं.”

“शुक्रवारी फोन उचलला होता?”

“त्यो मला उचलता येत न्हाई. बोट लावलं की माझाच फोटू निघतोय, त्योबी नुसत्या नाकाचा.”

नलिनीबाई हसल्या. मग सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, “वकीलबाईंना घरच्यांची नावं कळवायचीत. तुमच्या मालकांचं नाव काय सांगू?”

गंगव्वानं पदर तोंडाला लावला. या वयातही गाल लाल झाले.

“आडतीच्या पाटीवर हाय की. जाता जाता वाचा.”

“पाटी जुनी झाली, अक्षरं दिसत नाहीत.”

“मंग रंग लावायला सांगा त्येन्ला. नाव न्हाई यायचं माझ्या तोंडून. लग्नात उखाना घ्या म्हणले, तवाबी मी नुसती खाली बघितले.”

अमरनाथ बाजारातल्या दुकानात होता. आणि त्याच्यासमोर, त्याचाच चहा पीत, कलबुर्गीचा चनमल्लप्पा बसला होता. नलिनीबाईंची एक भुवई वर गेली.

“बसा बाई, बसा!” चनमल्लप्पानंच मालकासारखी खुर्ची पुढं केली. “मी शेठना तेच सांगायलोय. अमेरिकेचा वकील म्हंजे नुसतं बिल. ईमेल वाचला की बिल. मी बघा, ईमेल वाचतच न्हाई!”

“ते कळलं आम्हाला,” नलिनीबाई म्हणाल्या. “अमरनाथ, तुझ्याबद्दल वकीलबाईंचं मत झालंय की घरातल्या बायका तुला भितात. तुझं नाव घेताना एकीची दातखीळ बसली.”

अमरनाथ ताडकन उभा राहिला. कप लवंडला.

“मला भितात? आवो, आमच्या घरी मांजर मला भीत न्हाई! धंद्यापायी मी भावजयीला रोखायलोय आसं म्हणायचंय ना तुमाला? भाऊ तितं एकटा डाळभात खायलाय, आन् मी हितं त्येच्या बायकोच्या जिवावर शेठ होऊ? थू!”

“शुक्रवारी संध्याकाळी कुठं होतास?”

त्यानं मान फिरवली. उत्तर आलं ते चनमल्लप्पाकडून, तेही कुरकुरत.

“माझ्या हापिसात बसले होते. लग्नाचे मूळ कागद दे म्हणून. दिल्याबिगर उठनार न्हाई म्हणले. माझी जेवायची येळ गेली.”

“दिलेस का?”

“आत्ता आनलेत,” चनमल्लप्पानं पिशवी पुढं सरकवली.

म्हणजे ज्या वेळी घरात फोन वाजला, त्या वेळी ज्याच्यावर संशय तो अमरनाथ कलबुर्गीत धाकट्या भावासाठी धरणं धरून बसला होता. बाईच्या कानाशी उभं राहून धमकावणारा कुणी त्या घरात नव्हता. ती बाई आपल्या मनानं बोलली होती.

नलिनीबाई परत घराकडं निघाल्या. आता त्या जरा भरभर चालत होत्या.

४

भट्टीच्या खोलीत मल्लेश्वरी एकटी होती. भाकरी थापताना तिच्या बांगड्यांचा ठेका पडत होता.

“काय गं मल्लेश्वरी, धाकटी गेली तर तुझं बरंच की. घराच्या चाव्या तुझ्याकडं.”

“बरंच म्हणायचं,” ती म्हणाली. ठेका चुकला आणि भाकरीची कड फाटली.

“स्कूटर कोण चालवतं?”

“दोघीबी. जाताना ती, येताना मी.” आणि एवढ्यावरच तिचा चेहरा असा उजळला की भट्टीची गरज वाटू नये. “चारमिनार बघितला बाई आमी! डबे द्यायला गेलो आन् वर चढलो. आन् कडगंचीला, त्ये मोठं विद्यापीठ हाय न्हवं, तितं स्टॉल लावला. पोरी इंग्रजीत हसायल्या होत्या. चटनी खाल्ली आन् मराठीत रडायल्या!”

“गंगव्वा सोडतात?”

“दोघी मिळून जावा म्हणत्यात. मला एकटीला सोडत न्हाईत. ती यायच्या आदी मी हुमनाबादची बसबी एकटीनं बघितली नव्हती.” तिनं फाटलेली भाकरी बाजूला टाकली आणि डब्यातली एक वाळलेली पुढं केली. “खावा की बाई. कडक हाय, पन दात असतील तर चांगली हाय.”

नलिनीबाईंनी घास मोडला. तेवढ्यात फोन वाजला. मल्लेश्वरीनं हात पुसून उचलला.

“व्हय, बोला... चार डबे? पाठवतो की. पैशे? स्कॅनर टाकलाय बघा... नाव? नाव स्क्रीनवर येतंय की. तेच... व्हय व्हय, तेच. तुमीच वाचा ना मोठ्यानं. बरोबर!”

नलिनीबाईंचा घास तोंडातच राहिला. कडक भाकरी आवाज न करता चावणं जगात कुणाला जमलेलं नाही. त्यांनी ती तशीच धरून ठेवली आणि मल्लेश्वरीच्या पाठीकडं पाहत राहिल्या.

मग उठल्या, आणि दारातून मोठ्यानं म्हणाल्या, “उद्या संध्याकाळी सगळ्यांनी सोप्यावर जमायचं. शुक्रवारी फोनवर कोण बोललं, ते मला कळलंय.”

आत बांगड्यांचा आवाज थांबला.

५

गुरुवारी संध्याकाळी सोप्यावर सतरंजी पडली. ईरण्णा आडतीवरून लवकर आले होते आणि सुपारी कातरत होते. या घरात त्यांचं मुख्य काम तेच. गंगव्वा खांबाला टेकली. अमरनाथ दारात उभा, पुरता घुश्शात. नेत्रावती आणि मल्लेश्वरी एकमेकींना खेटून बसल्या होत्या.

“वकीलबाई हुशार आहे,” नलिनीबाईंनी सुरुवात केली. “पण तिनं एक गल्लत केली. फोनवरची बाई एका नावाशी अडली, तेव्हा तिला वाटलं भीती. मला सांगा, आपल्याकडं बाई कुणाचं नाव घेत नाही?”

ईरण्णांचा अडकित्ता वाजला.

“गंगव्वा, फोनवरच्या बाईनं सासऱ्याचं नाव विचारल्यावर ‘ईरण्णा’ असं तोंडभर सांगितलं. तुम्ही काल मला पाटी वाचायला पाठवलंत. म्हणजे तुम्ही नव्हता.”

“मी सांगितलंच होतं,” गंगव्वा म्हणाली, आणि नवऱ्याकडं न बघता पदर सावरला.

“नेत्रावती स्वतःच बोलली आणि आता नाटक करतेय, असंही मी धरून पाहिलं. माझा धंदाच तसा. पण तिनं तेलुगूला हिंदीत उत्तर दिलं नसतं. आणि थोरल्या दिराच्या नावाशी ती कशाला अडेल? ती तर गल्लीभर ऐकू जाईल असं ‘अमरनाथ भावजी’ म्हणून ओरडते. आता उरलं काय ते बघा. संगमेश्वराचं नाव घेता येतं, ईरण्णांचं घेता येतं. जीभ अडते ती एकाच नावाशी. ते नाव गिऱ्हाइकानं विचारलं तरी तोंडावर येत नाही. ‘स्क्रीनवर वाचा’ असं सांगावं लागतं.”

अमरनाथच्या चेहऱ्यावरचा घुस्सा हळूहळू उतरला आणि तिथं भलतंच काही चढलं. तो बायकोकडं वळला.

“तू?”

मल्लेश्वरीनं मान खाली घातली. मग वर केली.

“व्हय. मीच.”

“अक्का!” नेत्रावती दूर सरकली.

“आदी चुकूनच झालं गं,” मल्लेश्वरी म्हणाली. “हैदराबादचं गिऱ्हाईक रोजच ‘नेत्रावती का?’ म्हणतंय. मी व्हय म्हणून सोडते, कोन समजावत बसतंय? तसंच म्हणले. मंग ती बाई म्हणायली, तुला अमेरिकेला जायचंय का? मला कळलं कोन हाय ते. सांगायला पायजे होतं की, थांबा, ती बाहेर गेलीय. तोंडापर्यंत आलं. पन निघालं दुसरंच. मला जायचं न्हाई म्हणले. माझं सगळं हितंच हाय. खोटं काय बोलले त्यात? मला कुठं जायचंय? आन् माझं सगळं हितंच हाय न्हवं, ही इथं बसलीय ती!” तिनं नेत्रावतीकडं बोट केलं. “ती गेली की स्कूटरला कुलूप. मला दार बंद. परत तीच भट्टी आन् तीच भिंत.”

“मला कामून सांगितलं न्हाईस?” नेत्रावतीचा आवाज चिरला. “मी थांबले आसते की!”

“म्हणूनच न्हाई सांगितलं. तू थांबली आसतीस. मंग जलमभर तुझ्या नवऱ्याकडं मला बघता आलं नसतं. म्हणलं, वकीलच न्हाई म्हणला तर कुनाचाच दोष न्हाई.”

अमरनाथनं कपाळावर हात मारला.

“म्हंजे तू मान राखून माझं नाव घेतलं न्हाईस, आन् तिकडं अमेरिकेत मी राक्षस ठरलो!”

ईरण्णांना पहिल्यांदा हसू फुटलं. “मला बी आडतीवर कुनी राक्षस म्हणत न्हाई न्हवं?” त्यांनी गंगव्वाला विचारलं. गंगव्वानं शेंगेचं फोलपट त्यांच्या अंगावर फेकलं, पण तिचे डोळे थोरल्या सुनेवर होते. ती सून इतकी वर्षं घरात होती, आणि तिचं दार कुठं आहे हे सासूनं आजच ऐकलं होतं.

पण हसून काम भागणार नव्हतं. नलिनीबाईंनी फोन पुढं केला.

“मल्लेश्वरी, उद्याची वाट बघायची नाही. आत्ता तिला सांगायचं. एकटीनं, आतल्या खोलीत, आमच्यातलं कुणी शेजारी नको. तुझ्यावर विश्वास बसला तर नेत्रावती जाईल. न बसला तर नाही. दोन्ही तुझ्या हातात आहे.”

मल्लेश्वरी फोन घेऊन आत गेली. दार लागलं.

बाहेर कुणी जागचं हललं नाही. नेत्रावती दाराकडं पाहत होती. अमरनाथनं चारदा चप्पल घातली आणि काढली. आतून काही ऐकू येईना. मग मल्लेश्वरीचा आवाज चढला, मग रडला. नेत्रावती उठून दाराशी गेली. नलिनीबाईंनी तिचा हात धरून मागं ओढलं.

आणि आतून हसू आलं. एकीचं नव्हे, दोघींचं.

दार उघडलं. मल्लेश्वरीनं पदरानं नाक पुसलं आणि फोन नलिनीबाईंच्या हातात दिला. पडद्यावर श्रीलक्ष्मी होती, तिचेही डोळे ओले.

“मी तिला तीनतीनदा विचारलं, कुणी मारतं का, कुणी शिकवलंय का,” ती म्हणाली. “तर म्हणाली, मारणं तर राहू दे, मांजरसुद्धा त्यांना भीत नाही! बाई, माझ्या आईनं माझ्या बापाचं नाव कधी घेतलं नाही. पोस्टमननं विचारलं तर आम्हा पोरांना पुढं करायची. वीस वर्षं इथं राहून मी ते विसरले. कागद पाठवा. आजच बसते.”

कागद स्कॅन करायचे होते, लग्नातले फोटो निवडायचे होते, ईरण्णांची साक्ष लिहायची होती. सोप्यावर एकदम लग्नघराची धांदल उडाली. फोटो निवडायला सगळ्यात पुढं मल्लेश्वरीच बसली, आणि प्रत्येक फोटो ती हातात जरा जास्त वेळ धरत होती.

रविवारी उत्तर गेलं. पुढच्या हंगामाला मुंबईच्या वकिलातीत नेत्रावतीची मुलाखत झाली, आणि शिक्का बसला.

६

आता खर्चाची बाजू.

चनमल्लप्पानं पाटी दिली. जुनी उतरवून तिथं ‘टूर्स आणि यात्रा’ अशी नवी लावावी लागली, कारण नलिनीबाई कलबुर्गीला स्वतः गेल्या आणि ती उतरेपर्यंत समोरच्या बाकावर बसून राहिल्या. बस फुकटच होती.

गंगव्वानं आपली झोप दिली. मल्लेश्वरी स्कूटरवर एकटी हैदराबादच्या गाडीला डबे चढवायला जाते, आणि ती परत येईपर्यंत सासू ओट्यावरून उठत नाही. “मी तिच्यासाठी न्हाई, वाऱ्यासाठी बसलेय,” असं विचारणाऱ्याला सांगते.

अमरनाथनं शेठपण दिलं. धंद्याचं खातं आता मल्लेश्वरीच्या नावावर आहे. गिऱ्हाइकाला नाव सांगायची वेळ आली की तो खुशाल आणि मोठ्यानं सांगतो. पुरुषांना ती अडचण नाही.

श्रीलक्ष्मीनं न सांगता फोन करायची पद्धत सोडली नाही, पण बाई गप्प झाली की आता ती दहा प्रश्न जास्त विचारते. त्या प्रश्नांचं बिल ती लावत नाही.

नेत्रावतीनं आपल्या हातानं उभा केलेला धंदा दिला, आणि विमानतळावर जाऊबाईच्या गळ्यात पडून इतकी रडली की आपल्यालाही नकोच जायला, असं क्षणभर तिला खरंच वाटलं.

मल्लेश्वरीनं सगळ्यात जास्त दिलं. दार तिला उघडं मिळालं, पण ज्या सोबतीपायी ते उघडं हवं होतं, ती सोबत तिनं स्वतःच्या तोंडानं सोडली. हैदराबादची गिऱ्हाइकं अजून विचारतात, नेत्रावती कुठं गेली. ती सांगते, तिच्या घरी गेली. दिवसातून जितके फोन, तितक्या वेळा सांगते.

वकीलबाईंची फी संगमेश्वरानं भरली, तीही हप्त्यानं. आणि या सगळ्या कामाचा खर्च आपण एकट्यानं केला, असं तो डॅलसमध्ये भेटेल त्याला सांगत असतो.